साडेसदतीस ग्रॅम स्ट्रॉबेरी

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अकोल्याच्या जठारपेठेत लहान, तांबूस फळं दोन ठिकाणी दिसतात. हातगाडीवर बोरं असतात. मापाने घ्यायची, कागदाच्या पुडीत न्यायची आणि चालता चालता बिया थुंकत खायची. केकच्या दुकानातल्या थंड काचेच्या कपाटात स्ट्रॉबेरी असते. ती कस्टर्ड भरलेल्या पिठाच्या वाटीवर अर्धी चिरून ओळीने मांडलेली असते आणि वरून चकाकत असते. हाच बेरी टार्ट. बोरांच्या पौष्टिकतेची चौकशी सहसा कुणी करत नाही. टार्टच्या बाबतीत मात्र घरोघरी एक समजूत पक्की आहे: केकपेक्षा हा बरा, निदान फळ तरी पोटात जातं.

ही समजूत किती खरी आहे, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि अन्नघटकांचा तक्ता पुरतो.

आधी वजनकाटा

घरी करायच्या साधारण २२ सेंटिमीटर व्यासाच्या टार्टचं माप असं धरू. वाटीसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर आणि एका अंड्याचा बलक. आतल्या कस्टर्डसाठी अर्धा लिटर गाईचं दूध, १०० ग्रॅम साखर, चार बलक आणि ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. वर ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि चकाकीसाठी ४० ग्रॅम जॅम. या मापात आठ तुकडे होतात.

आता कॅलरी मोजू. मैद्याच्या सुमारे ७००, लोण्याच्या ७२०, साखरेच्या २४० आणि बलकाच्या ५५. म्हणजे नुसत्या वाटीच्या झाल्या जवळपास १,७००. कस्टर्डच्या ढोबळमानाने १,१००. जॅमच्या ११०. आणि ज्या स्ट्रॉबेरीच्या नावाने सगळा पदार्थ विकला जातो, तिच्या १००. एकूण बेरीज ३,००० च्या थोडी पुढे जाते. एका तुकड्याच्या वाट्याला सुमारे ३८० कॅलरी येतात आणि त्यातल्या फक्त १२ फळाच्या असतात. शंभरातल्या तीन.

स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून तिच्या कॅलरी कमी भरणारच. तेव्हा कॅलरी सोडून फळाचं वजन पाहू. एका तुकड्यावर साडेसदतीस ग्रॅम स्ट्रॉबेरी येते. मध्यम आकाराची तीन फळं. त्यांच्यासोबत पोटात काय काय जातं, तेही मोजलं पाहिजे. जॅममधली धरून सुमारे २३ ग्रॅम वरची साखर. लोणी, दूध आणि बलक मिळून ९ ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी. आणि सगळी मिळून ५२ ग्रॅम कर्बोदकं. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणजे कर्बोदकांच्या हिशेबात टार्टचा एक तुकडा सव्वा भाकरीच्या बरोबरीचा, आणि तोही सहसा जेवण झाल्यावर खाल्ला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पदार्थात वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगलं, असं त्यांत म्हटलं आहे. २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. टार्टचा एक तुकडा यातला जवळपास सगळा वाटा संपवतो आणि सकाळ-दुपारच्या चहाच्या साखरेला जागाच उरत नाही. संपृक्त चरबीची मर्यादा त्याच माणसासाठी २२ ग्रॅमच्या आसपास येते. तिचे पाचांतले दोन हिस्से इथे खर्ची पडतात.

टार्ट हा गोड पदार्थ आहे आणि गोड म्हणून खाल्ला तर त्यात काही वावगं नाही. पण तो फळाच्या खात्यात मांडता येत नाही. तो पीठ, लोणी आणि साखरेच्या खात्यातला आहे. पुढचं सगळं प्रकरण या एका हिशेबाचं आहे: वाटी अशी का असते, फळ इतकं थोडं का असतं, आणि हे प्रमाण उलटवता येतं का?

मोहनाचं शास्त्र

टार्टच्या वाटीत इतकं लोणी का, हे दिवाळीला करंजी करणाऱ्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मैद्यात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. पोळी लाटायला आणि पाव फुगायला हे जाळं हवं असतं. करंजी, शंकरपाळे आणि टार्ट यांना ते नको असतं, कारण त्याने पदार्थ चिवट होतो. म्हणून पाणी घालण्याआधी पिठाला मोहन चोळतात. चरबीचा थर पिठाच्या कणांना वेढतो, पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही, जाळं तोकडं राहतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मूठभर पीठ दाबलं की मुटका व्हावा, ही आपल्याकडची मोहनाची परीक्षा टार्टच्या पिठालाही लागू पडते. फरक इतकाच की करंजी नंतर तळली जाते आणि तळताना आणखी तेल पिते. टार्ट भाजला जातो, त्यामुळे त्याची सगळी चरबी पिठात आधीच घालावी लागते. पिठाच्या निम्म्या वजनाइतकं लोणी त्यासाठीच.

साखरेचंही तसंच. साखर पाणी धरून ठेवते, ग्लुटेनला अडवते आणि भाजताना वाटीला सोनेरी रंग देते. म्हणजे लोणी आणि साखर इथे चवीबरोबर बांधकामाचंही काम करतात. ‘शुगर-फ्री’ अशी पाटी लावलेल्या टार्टकडे पाहताना हे लक्षात ठेवावं. गोडी दुसऱ्या कशाने आणली तरी मैदा आणि लोणी जागेवरच असतात, आणि मैद्याचा स्टार्च पचून शेवटी ग्लुकोजच होतो. मधुमेही माणसाने पाटी वाचून निश्चिंत होण्यासारखं त्यात काही नाही.

आता भूमितीचा एक मुद्दा. कपाटात मोठ्या टार्टशेजारी तळहातावर मावणारे छोटे टार्ट असतात आणि मोठ्यातला तुकडा घेण्यापेक्षा छोटा अख्खा घेतलेला बरा, असं वाटतं. वाटीची उंची दोन सेंटिमीटर धरून हिशेब करू. २२ सेंटिमीटरच्या टार्टला तळ आणि कडा मिळून सुमारे ५२० चौरस सेंटिमीटर वाटी लागते आणि वर फळ मांडायला ३८० चौरस सेंटिमीटर जागा मिळते. आठ सेंटिमीटरच्या टार्टला १०० चौरस सेंटिमीटर वाटी लागते आणि जागा मिळते ५०. म्हणजे फळाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे छोट्या टार्टमध्ये जवळपास दीडपट वाटी येते. एकूण कॅलरी कमी असतील, पण फळाचं प्रमाण आणखी घसरतं.

अकोल्याचं ऊन आणि लोणी

टार्टची मूळ कृती फ्रान्सच्या थंड हवेतली. तिथे लोणी ओट्यावर घट्ट राहतं. लोणी ३२ ते ३५ अंशांवर वितळतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो आणि हिवाळ्यातली दुपारही तिशीच्या आसपास असते. लोण्याचं पीठ अशा हवेत लाटायला घेतलं की लोणी पिठाबाहेर येतं, वाटी आकार सोडते आणि भाजून कडक होते. घरी यावर उपाय आहे: पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी लवकर लाटायचं. रोज शेकडो नग काढणाऱ्या कारखान्याला हे परवडत नाही. तिथे वितळणबिंदू चाळिशीच्या आसपास किंवा वर असलेलं बेकरी मार्जरीन किंवा वनस्पती तूप वापरणं सोपं जातं, आणि ते लोण्यापेक्षा स्वस्तही पडतं.

पूर्वी या घट्ट चरबीतला मोठा धोका ट्रान्स फॅट हा होता. द्रव तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळला की ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. हा बदल मोलाचा आहे. पण ट्रान्स फॅट गेलं म्हणजे संपृक्त चरबी गेली असं होत नाही. चरबी घट्ट राहायची तर तिच्यात संपृक्त भाग हवाच, आणि तो बहुतेकदा पाम तेलातून येतो. कस्टर्डऐवजी भरलेल्या पांढऱ्याशुभ्र व्हिप टॉपिंगमध्ये पाम फळाच्या बियांचं तेल असतं. त्यातली सुमारे ८० टक्के चरबी संपृक्त असते. लोण्यातल्या चरबीत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या थोडं वर आहे. दुधाची साय नाही म्हणून ते टॉपिंग हलकं, हा समज इथे उलटा ठरतो.

कस्टर्ड, जॅम आणि चकाकी

वऱ्हाडातल्या कित्येक घरांत अंडं चालत नाही, त्यामुळे ‘एगलेस’ टार्टला गिऱ्हाईक मोठं. त्यातलं कस्टर्ड पावडरीचं असतं. या पावडरीचा जन्मही अंडं न चालण्यातूनच झाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंड्याची ॲलर्जी होती. तिच्यासाठी त्याने १८३७ साली कॉर्नफ्लोअरवर आधारलेलं बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. पुढे त्याचा मोठा उद्योग झाला. आपल्याकडे पुण्याच्या वीकफिल्डने कस्टर्ड पावडर घराघरांत पोचवली आणि उन्हाळ्यातलं फ्रूट कस्टर्ड त्यातूनच रूढ झालं. पोषणाच्या दृष्टीने ही पावडर म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. बलक गेला की त्याची चरबी जाते, पण त्याच्यासोबतची प्रथिनं, ‘अ’ जीवनसत्त्व आणि कोलीनही जातात. उरतं ते दूध, साखर आणि स्टार्च. एगलेस म्हणजे पथ्याचं, हे समीकरण म्हणून जुळत नाही.

वरची चकाकी जॅमची किंवा तयार ग्लेझची असते. ग्लेझ म्हणजे साखर, ग्लुकोज सिरप आणि ते धरून ठेवणारं पेक्टिन. तिने फळाचा कापलेला भाग हवेपासून वाचतो, तो सुकत नाही आणि ताजा दिसतो. जॅमबद्दल २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांमधली एक तरतूद माहीत असावी. सर्वसाधारण जॅममध्ये फळाचा अंश किमान ४५ टक्के हवा, पण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीच्या जॅमला २५ टक्के चालतो. तयार जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के हवेत, आणि ते मुख्यतः साखरेचेच असतात. म्हणजे फळ वाढावं म्हणून टार्टवर जॅम जास्त ओतला तर वाढते ती साखर.

ब्लूबेरी टार्टचं तर आणखी वेगळं. ब्लूबेरी आपल्या भागात पिकत नाही. अकोल्यापर्यंत ती आली तर परदेशातून, गोठवलेली किंवा डब्यातल्या ‘फिलिंग’च्या रूपात. गोठवलेल्या फळाबद्दल मनात किंतू नको. तोडल्यावर लगेच गोठवलं तर त्यातली जीवनसत्त्वं चांगली टिकतात. फिलिंगच्या डब्यावरची घटकांची यादी मात्र वाचावी. नियमाप्रमाणे जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी येतो. साखर पहिली आणि ब्लूबेरी तिसरी-चौथी असेल तर विषय तिथेच संपला.

फळ काय देतं?

आता साडेसदतीस ग्रॅमची बाजू पाहू. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत ३२-३३ कॅलरी, दोन ग्रॅम तंतू आणि ५९ मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असतं. एका तुकड्यातल्या फळातून त्यातलं २२ मिलिग्रॅम मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेली रोजची गरज पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे गरजेचा पाव ते एक-तृतीयांश भाग. अख्ख्या टार्टमध्ये अभिमानाने सांगावा असा हा एकच आकडा आहे. तो टिकतो कारण इथे फळ कच्चंच मांडलेलं असतं. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासतं. फळ आत भरून भाजलेल्या पायमध्ये किंवा शिजवलेल्या जॅममध्ये त्याचा बराच भाग जातो. चिरून दिवसभर उघडं ठेवलेलं फळही ते गमावत राहतं.

तंतूंचा हिशेब दुबळा आहे. फळ आणि मैदा मिळून एका तुकड्यात दीड ग्रॅमही तंतू भरत नाहीत. दिवसाची गरज ३० ग्रॅमच्या घरातली.

बेरींची खरी ख्याती त्यांच्या रंगावर आहे. स्ट्रॉबेरीचा लाल, ब्लूबेरीचा निळा आणि जांभळाचा गडद जांभळा हे रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचे. ही द्रव्यं आंबट माध्यमात लाल आणि अल्कधर्मी माध्यमात निळसर होतात. पिठात खाण्याचा सोडा जास्त पडला आणि त्यात ब्लूबेरी मिसळली की फळाभोवती हिरवट-निळी कडा येते, ती यामुळेच. ती बुरशी नसते. रक्तवाहिन्यांच्या आरोग्याशी आणि जेवणानंतरच्या साखरेशी या द्रव्यांचा संबंध शोधणारं बरंच संशोधन झालं आहे. फिनलंडमधल्या ईस्टर्न फिनलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली निरोगी स्त्रियांना पावासोबत बेरींचा लगदा दिला आणि जेवणानंतरचा इन्सुलिनचा प्रतिसाद मोजला. बेरींसोबत खाल्ल्यावर तो कमी चढला, आणि गव्हाच्या पांढऱ्या पावाबरोबर स्ट्रॉबेरीने चांगलं काम केलं.

असा निष्कर्ष ऐकला की लगेच टार्ट आठवतो: तिथेही पीठ आणि बेरी एकत्रच तर आहेत! पण त्या प्रयोगात ५० ग्रॅम स्टार्चमागे १५० ग्रॅम बेरी होती, म्हणजे स्टार्चच्या तिप्पट. आपल्या तुकड्यात सुमारे २३ ग्रॅम स्टार्चमागे साडेसदतीस ग्रॅम बेरी आहे. प्रमाण जेमतेम निम्म्यावर आलं, आणि शिवाय २३ ग्रॅम साखर आहे ती वेगळीच. फळाचा गुण खरा असला तरी तो मात्रेवर चालतो आणि टार्टमध्ये मात्राच कमी पडते.

चिखलदऱ्याहून खाली

फळ थोडं असण्यामागे दराइतकंच त्याच्या नाजूकपणाचंही कारण आहे. भारतातली बहुतेक स्ट्रॉबेरी सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर पिकते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. वऱ्हाडाला मात्र आता जवळचा पर्यायही आहे. परतवाड्याहून घाट चढून गेलं की सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा लागतं. तिथल्या मोथा आणि आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत शेतकरी स्ट्रॉबेरी घेऊ लागले आहेत. हे पीक तिथेच का जमतं? समुद्रसपाटीपासून अकोल्याची उंची ३०० मीटरच्या आत. आठशे मीटर वर गेलं की हवा साधारण पाच अंशांनी गार होते. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या विंटर डॉन, कॅमारोसा यांसारख्या जातींना फुलोऱ्यासाठी लहान दिवस आणि थंड रात्री लागतात. अकोल्याच्या काळ्या जमिनीत कापूस जोमाने येतो, पण स्ट्रॉबेरीला हवी ती थंडी तिथे टिकत नाही.

आंबा आणि केळं तोडल्यावरही पिकतात, अढीत घालून गोड करता येतात. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ती रोपावर जेवढी पिकली तेवढीच, तोडल्यानंतर तिची गोडी वाढत नाही. आणि पूर्ण पिकलेलं फळ साध्या तापमानात एक-दोन दिवसच टिकतं. लांबच्या बाजारासाठी म्हणून देठाकडे पांढरी असतानाच ती तोडली जाते. ती आंबटच राहते, मग गोडी भरून काढायला कस्टर्डमध्ये आणि ग्लेझमध्ये साखर वाढते. फळाचा प्रवास जितका लांब, तितकी टार्टमधली साखर जास्त, असा हा सरळ संबंध आहे. देठापर्यंत लाल झालेलं जवळच्या शेतातलं फळ मिळालं तर साखर कमी करता येते. चिखलदऱ्याच्या फळाचं वऱ्हाडाला महत्त्व आहे ते इथे.

हातगाडीवरचा पर्याय

मग जठारपेठेतली हातगाडी कुठे बसते? पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम बोरांत ७४ कॅलरी आणि ७६ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिलेलं आहे. म्हणजे या बाबतीत बोर स्ट्रॉबेरीच्या वरचढ आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांच्या बोरन्हाणात डोक्यावरून ओतली जाणारी बोरं मुलं वेचून खातात, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वाचा चांगला साठा त्यांच्या पोटात जातो. मात्र बोर टार्टवर मांडता येत नाही. त्याचा गर पिठूळ, रस कमी आणि मध्ये मोठी बी. ते नुसतंच खायचं फळ आहे.

जांभूळ टार्टला रंगाने आणि चवीने शोभतं. ते येतं जूनच्या सुमाराला, पहिल्या पावसासोबत. त्याचा तुरटपणा टॅनिनमुळे असतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि जीभ आवळल्यासारखी होते. दुधाची प्रथिनं सोबत असली तर टॅनिन त्यांनाच धरतात आणि तुरटपणा मवाळ होतो, म्हणून कस्टर्ड किंवा चक्क्यावर जांभूळ छान लागतं. जांभूळ खाल्लं की साखर उतरते, ही समजूत घेऊन मात्र ते खाऊ नये. शंभर ग्रॅम जांभळाच्या गरात १४-१५ ग्रॅम कर्बोदकं असतात, स्ट्रॉबेरीच्या जवळपास दुप्पट. ते चांगलं फळ आहे, मधुमेहाच्या गोळीची जागा घेणारं औषध नाही.

आणि संत्रं तर घरचंच. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या बागांमधलं संत्रं ‘क’ जीवनसत्त्वात स्ट्रॉबेरीच्या फार मागे नाही. प्रवास थोडा, सालीमुळे टिकाऊ आणि दर आवाक्यात. फोडी सोलून, पातळ पापुद्रे काढून टार्टवर मांडल्या तर जास्त फळ घालताना हात आखडावा लागत नाही. पेरू त्याहूनही सरस आहे. त्यात स्ट्रॉबेरीच्या तिपटीहून जास्त ‘क’ जीवनसत्त्व असतं.

उलटा हिशेब

टार्टचं प्रमाण उलटवायचं तर सुरुवात वाटीपासून करावी. पावाला ग्लुटेन लागतं, टार्टला ते नको असतं, हे आपण पाहिलं. म्हणजे मैद्याचा आग्रह धरायचं कारणच उरत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं आणि ज्वारी हे वऱ्हाडाचं जुनं धान्य. कपाशी आणि सोयाबीनपुढे तिचा पेरा आटला, तरी पीठ सगळीकडे मिळतं. शंभर ग्रॅम मैद्यात तीन ग्रॅमही तंतू नसतात. कणकेत ११ ग्रॅमच्या वर आणि ज्वारीच्या पिठात १० ग्रॅमच्या आसपास असतात.

निम्मी कणीक आणि निम्मं ज्वारीचं पीठ, मिळून १२० ग्रॅम घ्यावं. त्यात ६० ग्रॅम गार लोणी, २५ ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ चोळावं. चमचाभर गार दुधाने पीठ जेमतेम एकत्र आणावं. ते लाटू नये, लाटलं तर तुटतं. साच्यात बोटांनी पातळ थापावं. भाकरी थापणाऱ्या हाताला हे काम अवघड नाही. काट्याने टोचून, वर कागद आणि त्यावर मूठभर हरभरे ठेवून १८० अंशांवर वीसेक मिनिटं भाजावं. हरभऱ्यांच्या वजनाने तळ फुगत नाही.

आत कस्टर्डऐवजी ४०० ग्रॅम चक्का, ४० ग्रॅम पिठीसाखर आणि थोडी वेलची. वर ५०० ग्रॅम फळ, जॅम नाही. फळ वाढायच्या अगदी आधी चिरून मांडावं. चिरलेल्या फळाला साखर लागली की ती पाणी ओढून घेते आणि वाटी भिजते.

या टार्टच्या एकूण कॅलरी १,८०० ते १,९०० च्या दरम्यान येतात. एका तुकड्याच्या सुमारे २३०. वरची साखर २३ ग्रॅमवरून आठवर येते, तंतू दुपटीने वाढून तीन ग्रॅमच्या घरात जातात आणि फळ साडेसदतीसवरून साडेबासष्ट ग्रॅम होतं. अंडं नसूनही प्रथिनं घटत नाहीत, उलट साडेसहा ग्रॅमवरून साडेसातपर्यंत वाढतात, कारण चक्क्यात दुधाची प्रथिनं दाट झालेली असतात. संपृक्त चरबी नऊवरून सातवर येते. चक्का साय काढलेल्या दुधाचा केला तर ती आणखी उतरते. साखरेऐवजी गूळ घातला तर चव बदलते, पण साखरेचा हिशेब बदलत नाही. शरीराच्या दृष्टीने गुळाचा मोठा भाग साखरच आहे.

असा टार्टही गोड पदार्थच राहतो. फळाच्या कॅलरी आता शंभरात नऊच्या जवळ आल्या, एवढीच प्रगती.

दुकानात विकत घेताना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. वाटी लोण्याची आहे की मार्जरीनची? आत दुधाचं कस्टर्ड आहे की व्हिप टॉपिंग? फळ ताजं आहे की डब्यातलं? उत्तरं काहीही आली तरी तुकडा एकच घ्यावा आणि घरी दोघांत वाटावा. पुरणपोळी आणि तिच्यावर वाटीभर तूप झालेल्या दिवशी तो उद्यावर ढकलावा. मुलांच्या पोटात फळ जावं हाच हेतू असेल, तर त्यांच्या हातात पेरू, संत्रं किंवा बोरं द्यावीत. एवढ्यासाठी बेकरीचा खर्च करायचं कारण नाही.